दहा हजार भरले की सुटलो, असं नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर तुमच्या लक्षात येईल. तुम्ही चंदगड तालुक्यातले. रोज पहाटे गावोगावचं दूध गोळा करून डेअरीला पोचवणारा टेम्पो चालवता. मित्राच्या साखरपुड्याच्या जेवणाला मोटारसायकलवरून बेळगावला आलात. रात्री परत जाताना वेंगुर्ला रोडला हिंडलग्याजवळ नाकाबंदी होती. मशीनमध्ये फुंकायला लावलं, रक्तातल्या अल्कोहोलचा आकडा ७८ आला. परवाना काढून घेतला, गाडी ठेवून घेतली, कानडीतल्या कागदावर सही घेतली. दुसऱ्या दिवशी भावाने कागदपत्रं दाखवून गाडी सोडवून आणली. आता बेळगावच्या कोर्टाची तारीख लागली आहे.

तुम्ही विचारलंय ते असं. परवाना महाराष्ट्राचा, एमएच ०९ चा, मग कर्नाटकचे पोलीस तो ठेवून घेऊ शकतात का? महाराष्ट्रात या गुन्ह्याला दोन हजारच दंड आहे असं ऐकलंय, मग प्रकरण चंदगडला नेता येईल का? दोन बिअरवर ७८ येऊ शकतात का? आणि दहा हजार भरून, गुन्हा कबूल करून मोकळं व्हावं का?

मी बेळगावच्या कोर्टात बावीस वर्षं वकिली करतो. निम्मं काम अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांचं, निम्मं तुमच्यासारख्या प्रकरणांचं. म्हणजे पिऊन गाडी चालवणारा आणि त्या गाडीखाली गेलेल्याच्या घरचे, दोघंही माझ्या टेबलासमोर बसलेत. त्यामुळे तुम्हाला बरं वाटेल असं बोलण्यापेक्षा तुमच्या कामाला येईल असं बोलतो.

तुमचे चारही प्रश्न दंडाभोवती फिरतायत. पण तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात, ‘परवान्याची पावती आहे, तिच्यावर सध्या टेम्पो चालू आहे.’ मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीची वाटली. तो टेम्पो आजच दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या.

कारण सांगतो. पोलिसांनी परवाना ताब्यात घेतला की त्याची तात्पुरती पावती देतात आणि त्या पावतीवर गाडी चालवता येते, ही समजूत पूर्वीपासूनची आहे आणि काही प्रकारांत ती खरीही आहे. मात्र मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम २०६ ला नवं चौथं पोटकलम जोडलं गेलं. दारू पिऊन चालवणं, बेदरकार चालवणं, अतिवेग अशा ठरावीक गुन्ह्यांत पोलिसांनी परवाना जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे पाठवायचा, असं ते सांगतं. त्यातच स्पष्ट लिहिलंय की पावती द्यायची, पण परवाना परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येणार नाही. म्हणजे तुमच्या खिशातला कागद हा परवाना जमा केल्याचा पुरावा आहे. गाडी चालवायची मुभा त्यात नाही. या काळात टेम्पोला काही झालं, कुणाला धक्का लागला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न विचारणार की चालकाकडे त्या दिवशी वैध परवाना होता का. तो प्रश्न तुमच्यापुरता राहत नाही, टेम्पोच्या मालकापर्यंत जातो. मालकाला आजच सांगा. त्याला कोर्टाच्या कागदावरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

आता सीमेचा प्रश्न. आपल्या भागात हा दर दोन माणसांमागे एक विचारतो, कारण शिनोळीला राज्य बदलतं आणि त्याबरोबर पाट्यांची भाषा, दारूचे दर, पेट्रोलचे दर असं बरंच काही बदलतं. मग कायदाही बदलत असेल असं वाटणं साहजिक आहे. पण पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा केंद्राच्या कायद्यात आहे: मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. तो चंदगडला जो आहे तोच बेळगावला, तोच पलीकडे गोव्यात. १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा झाला. गाडी नीट चालवत होता की झोकांड्या खात होता, हे त्यात बघत नाहीत.

‘महाराष्ट्रात दोन हजार’ हे कुठून आलं तेही सांगतो. २०१९ च्या आधी देशभर पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांपर्यंतच होता. १ सप्टेंबर २०१९ पासून तो दहा हजार झाला. त्या महिन्यात सगळीकडे ओरड झाली. कर्नाटकने काही दंड तडजोडीच्या, म्हणजे कोर्टात न जाता जागेवर भरून मिटवायच्या, पातळीवर कमी केले. महाराष्ट्राने वाढीव तडजोड दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. त्यातून लोकांच्या डोक्यात बसलं की महाराष्ट्रात जुनेच दर आहेत. पण राज्यांना जो अधिकार आहे तो जागेवर भरून मिटवता येणाऱ्या दंडांपुरता: हेल्मेट, सिग्नल, सीटबेल्ट असले प्रकार. पिऊन चालवणं त्या यादीत नाही. म्हणूनच तुम्हाला चलनाची पावती न देता कोर्टाची तारीख दिली. प्रकरण चंदगडला नेता येणार नाही, कारण गुन्हा ज्या कोर्टाच्या हद्दीत घडला तिथेच तो चालतो.

परवाना महाराष्ट्राचा असल्याचा मुद्दा उलट्या बाजूने बघा. कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तुमचा परवाना भारतभर चालतो, म्हणूनच तुम्ही बेळगावात गाडी घेऊन येऊ शकलात. परवाना भारतभर चालतो तशी त्याच्यावरची बंदीही भारतभर लागू होते. बेळगावच्या कोर्टाने सहा महिने गाडी चालवायला मनाई केली, तर ती मनाई शिनोळीच्या पलीकडे संपत नाही. आता सगळ्या परवान्यांची नोंद ‘सारथी’ या एकाच संगणक प्रणालीत असते, त्यामुळे कोल्हापूरच्या आरटीओला कळणारच नाही या भरवशावर राहू नका.

आता शिक्षेकडे येतो, कारण लोक फक्त पहिला आकडा ऐकतात. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. इथे ‘दहा हजारांपर्यंत’ असं नाही, दहा हजारच आहेत. त्यामुळे ‘साहेबांना विनंती करून तीन हजारांत मिटवतो’ असं कुणी सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका. दुसऱ्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार दंड, किंवा दोन्ही. पूर्वी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडला तरच ‘दुसरा’ धरत. २०१९ च्या दुरुस्तीने ती तीन वर्षांची अट काढली. म्हणजे आज कबूल केलेला गुन्हा आणखी बारा वर्षांनीही तुमचा पहिला गुन्हा म्हणून मोजला जाईल.

दंडाव्यतिरिक्त परवान्याची दोन टांगती प्रकरणं आहेत, आणि ती वेगवेगळ्या हातांत आहेत. एक परवाना अधिकाऱ्याकडचं. पोलिसांनी पाठवलेला परवाना त्याच्याकडे गेला की तो तुम्हाला म्हणणं मांडायची संधी देतो आणि पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतो; दुसऱ्यांदा परवानाच रद्द. त्याची नोटीस परवान्यावरच्या पत्त्यावर येते. तुमचा पत्ता जुना असेल, आजोळचा असेल, तर तिथे आताच निरोप देऊन ठेवा. नोटीस आली आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर निर्णय तुमच्या पाठीमागे होतो.

दुसरं कोर्टाकडचं, आणि हे जड आहे. कलम २० सांगतं की १८५ खाली दोषी ठरलेल्याला कोर्टाने कमीत कमी सहा महिने परवान्यासाठी अपात्र ठरवलंच पाहिजे. कायद्याची भाषा ‘ठरवू शकतं’ अशी नाही, ‘ठरवील’ अशी आहे. काही निकालांत फक्त दंडाची ओळ असते, अपात्रतेचा उल्लेख नसतो, हे मी बघितलंय. तुमच्या निकालातही तसं होईल या आशेवर घरखर्च उभा करू नका. सहा महिने टेम्पो बंद म्हणजे किती पैसे बुडतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. दहा हजार त्यापुढे लहान रक्कम ठरते. आणि त्या सहा महिन्यांत लपून चालवलं तर कलम १८२ लागतं: तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही.

मग ७८ चा आकडा. तुम्ही म्हणता, ‘दोनच बिअर घेतल्या, जेवलोही होतो, चक्कर वगैरे काही नव्हती.’ मी तुमच्यावर विश्वास ठेवतो, आणि तरीही आकडा बरोबर वाटतो. हिशेब बघा. साडेसहाशे मिलीच्या एका साध्या बिअरच्या बाटलीत, ५ टक्के धरले तर, साधारण २५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. दोन बाटल्यांत पन्नास. पासष्ट किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्यातून साधारण ११० ते १२० मिलिग्रॅमपर्यंत पातळी जाऊ शकते. शरीर तासाला अंदाजे १५ मिलिग्रॅम कमी करतं, कुणाचं थोडं कमी, कुणाचं जास्त. अडीच तासांनी किती उरले? ७५ ते ८० च्या आसपास. स्ट्राँग बिअर असती तर आकडा शंभराच्या बराच पुढे गेला असता. मर्यादा ३० ची आहे हे लक्षात घेतलं तर रिकाम्या पोटी घाईने घेतलेला ६० मिलीचा एक पेगसुद्धा बऱ्याच माणसांना त्याच्या वर नेतो. जेवण केल्याने दारू चढायला वेळ लागतो, उतरायची घाई होत नाही. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, यातल्या कशानेही तो तासाचा हिशेब बदलत नाही.

हे तुमच्यासाठी वेगळ्या कारणानेही महत्त्वाचं आहे. तुमचं काम पहाटे चारला सुरू होतं. रात्री अकराला एक क्वार्टर संपवून झोपलेला पासष्ट-सत्तर किलोचा माणूस पहाटे चारला उठतो, तोंड धुतो, चहा घेतो, आपण ताजेतवाने आहोत असं त्याला वाटतं. त्याच्या रक्तात त्या वेळी मर्यादेपेक्षा जास्त दारू असू शकते. क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे ६० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल. ते ३० च्या खाली यायला सहा-सात तास लागतात, कधी त्याहून जास्त. दूध, भाजी, पेपर, फुलं यांच्या गाड्या चालवणाऱ्यांना हे कुणी सांगतच नाही. पहाटेचं धुकं, ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर उभ्या बिनदिव्याच्या ट्रॉल्या, आणि डोक्यात उरलेली रात्र. आपल्या भागातले किती अपघात या तिन्हीच्या गाठीत झालेत ते मी दाव्यांच्या कागदांत वाचलंय.

आता तुमचा बचाव आहे का, हे बघू. इथे मला प्रामाणिकपणे सांगावं लागेल की बरंच काही कागदांवर अवलंबून आहे आणि ते कागद मी पाहिलेले नाहीत. मी अशा प्रकरणात पहिल्यांदा मशीनची छापील पट्टी मागतो. तिच्यावर तारीख, वेळ, मशीनचा क्रमांक, तुमचं नाव, आकडा आणि सही आहे का? तुम्ही फुंकण्याआधी मशीन शून्य दाखवत होतं का? नळी नवीन लावली होती का? शेवटचा घोट आणि फुंकणं यांच्यात किती वेळ गेला? तोंडात नुकतीच दारू, माउथवॉश किंवा अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध गेलेलं असेल तर मशीन तोंडातलंही मोजतं. पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा फुंकलं की फरक कळतो. मशीनची नियमित तपासणी झाल्याचं प्रमाणपत्र आहे का? तुम्हाला रीतसर अटक केली होती का? केली असेल तर अटकेपासून दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडायला हवं, असं कलम २०२ म्हणतं. त्या दोन तासांच्या वेळा कागदावर जुळतात का?

आकडा ३४-३५ असता तर मी यातल्या एकेका मुद्द्यावर लढायला सांगितलं असतं, कारण काठावरच्या आकड्यात मशीनची छोटी चूकही निकाल फिरवते. ७८ वर छोटी चूक पुरत नाही. पट्टीच नसेल, किंवा पट्टीवरची वेळ आणि पंचनाम्यातली वेळ तासाभराने वेगळी असेल, तर गोष्ट निराळी. जुन्या निकालांचा आधार घेऊन कुणी सांगेल की नुसत्या वासावर शिक्षा होत नाही. ते खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच एका महाराष्ट्राच्या प्रकरणात म्हटलंय की रक्त-लघवीची तपासणी न करता डॉक्टरने नुसता वास, अडखळती चाल आणि डोळ्यांच्या विस्फारलेल्या बाहुल्या नोंदवल्या, एवढ्यावर दारू प्यायल्याचं पक्कं होत नाही. पण तुमच्या प्रकरणात वास कुणी मोजलेला नाही, मशीनने आकडा दिलाय, आणि कायदा मशीनचा आकडा पुरावा म्हणून मान्य करतो. तपासणीला नकार दिला असता तर बरं झालं असतं का, असंही तुमच्या मनात येईल. नाही. नकार दिला आणि दारूचा संशय घ्यायला कारण असेल तर त्यावरूनही अटक होऊ शकते आणि तो नकार तुमच्याविरुद्ध वापरला जातो.

कानडी कागदाबद्दल जरा थांबून बोलतो, कारण आपल्या सीमाभागातल्या माणसाची इथेच अडचण होते. सही केलीत हा अपराध नाही, रात्री अकराला रस्त्यावर कुणीही करतो. पण सही कशावर केली हे तारखेच्या आधी समजून घ्या. कानडी वाचणारा माणूस आपल्याकडे प्रत्येक गल्लीत सापडतो. ‘कुडिदु’ म्हणजे पिऊन. ‘चालना परवानगी’ म्हणजे चालक परवाना. मराठीतली परवानगी तिथे परवाना होते, यात बरेच जण फसतात आणि आपल्याला चालवायची परवानगी मिळाली असं समजतात. ‘तप्पोप्पिगे’ म्हणजे गुन्ह्याची कबुली. हा शब्द तुमच्या सहीच्या वर कुठे असेल तर वकिलाला आधी तो दाखवा.

कोर्टातही तेच. नाव पुकारलं जातं, साहेब विचारतात, ‘तप्पु ओप्पिकोळ्ळुत्तीरा?’ आणि गोंधळलेला माणूस मान हलवतो. तो प्रश्न ‘गुन्हा कबूल आहे का’ असा असतो. तुम्हाला कानडी येत नसेल तर हात जोडून मराठीत सांगा की मला समजलं नाही, मराठीत सांगा. ते सांगितल्याने कुणी रागावत नाही. बेळगावच्या कोर्टात मराठी समजणारी माणसं हवी तेवढी आहेत आणि पुरावा आरोपीला समजेल अशा भाषेत सांगणं हे कोर्टाचं काम आहे. अटक झालेल्यांसाठी तर नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, वरळीच्या अपघाताच्या प्रकरणातच, सांगितलंय की अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत.

तर कबूल करावं का? माझं मत असं. पट्टी पाहा, कागद वाचून घ्या. सगळं जुळत असेल आणि तुम्ही खरंच प्यायला होतात, तर खोटं लढून दोन वर्षं चंदगड-बेळगाव हेलपाटे घालण्यात अर्थ नाही. प्रत्येक तारखेला एक दिवस, वकिलाची फी, आणि शेवटी तोच निकाल. कबूल करायचं असेल तर शुद्धीत, वकिलाशी बोलून, पुढचे सहा महिने कसे काढायचे याची तयारी करून करा. वकिलाला सांगा की कबुलीबरोबर कोर्टापुढे तीन गोष्टी मांडायच्या: पहिलाच गुन्हा, अपघात झालेला नाही, आणि घर चालकाच्या कमाईवर आहे. त्यावर कोर्ट कैद टाळून दंडावर थांबतं आणि अपात्रता सहा महिन्यांच्या वर नेत नाही, असा माझा अनुभव आहे. परवाना जप्तीत गेलेले दिवस विचारात घ्यावेत अशीही विनंती करता येते. ती मान्य होईलच असं मी सांगू शकत नाही. अपात्रतेचा आदेश जास्तच जड वाटला तर तेवढ्यापुरता वरच्या कोर्टात तो कमी करून मागता येतो. पण एकदा कबूल केल्यावर दोषच नव्हता असं म्हणत अपील करायचा दरवाजा जवळजवळ बंद होतो. म्हणून घाई नको.

‘पोलिसांना माहीत असलेला एक माणूस आहे, तो मिटवतो’ असं तुम्ही लिहिलंय. तो दहा हजारांच्या वर त्याचे घेईल आणि तुमच्या नावाने कबुली लिहून देईल. मग सहा महिन्यांच्या अपात्रतेची गोष्ट तुम्हाला पुढच्या नाकाबंदीत कळेल. त्याला नको म्हणा. वकील करायची ऐपत नसेल तर कोर्टाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे अर्ज केला आणि निकषांत बसलात तर फुकट वकील मिळतो.

तुम्हाला एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तुम्ही लिहिलंय की ‘कुणाला काही झालं नाही, तरी एवढं सगळं.’ काही वर्षांपूर्वी खानापूरच्या बाजूचं एक प्रकरण माझ्याकडे होतं. शेतावरून घरी चालत येणाऱ्या बाईला पिकअपने उडवलं. चालक प्यायलेला होता, स्वतःच्या गाडीवर, वय तुमच्याएवढंच. मी त्या बाईच्या घरच्यांचा वकील होतो. नुकसानभरपाई ट्रिब्युनलने मंजूर केली, विमा कंपनीने ती आधी त्यांना दिली आणि मग चालकाकडून वसूल करायला उभी राहिली, कारण प्यायलेला चालक ही पॉलिसीच्या अटींचा भंग होता. वसुलीत त्या घराची भाताची जमीन गेली. कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाकावर त्या बाईचा नवरा बसायचा आणि समोरच्या बाकावर त्या मुलाचा बाप. दोघं एकाच गावचे, आधीपासून ओळखीचे. दोन वर्षं ते एकमेकांकडे न बघता बसले. फौजदारी खटला वेगळा चालूच होता.

विम्याचं कलम दुरुस्तीनंतर आणखी कडक झालंय. पिऊन चालवणं हे आता कंपनीला जबाबदारी नाकारण्याचं कारण म्हणून कायद्यातच लिहिलंय. आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असं ठरवलंय की मशीनची किंवा रक्ताची तपासणी झालीच नसली तरी इतर पुराव्यावरून चालक प्यायलेला होता हे दाखवून कंपनी दावा नाकारू शकते. माणूस मेला तर कलम १८५ मागे पडतं. निष्काळजीपणाने मृत्यू म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत, आणि जाणूनबुजून धोका पत्करला असं कोर्टाला वाटलं तर सदोष मनुष्यवध. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ साली फुटपाथवर झोपलेले सात मजूर चिरडले गेले, त्या परेरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम केली. त्या चालकाच्या रक्तात १०० मिलीला ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल होतं. तुमचे ७८ त्यापासून फार लांब नाहीत. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. त्या रात्री तुम्ही हिंडलग्याला थांबवले गेलात, आणि पुढे शिनोळीपर्यंत रस्त्याच्या कडेने चालणारी माणसं होतीच.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. परत जाताना गाडीच्या डिकीत बाटली ठेवून सीमा ओलांडायची सवय आपल्याकडे फार आहे, कारण इकडे-तिकडे दर वेगळे. परराज्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं हा उत्पादन शुल्काचा वेगळा गुन्हा आहे आणि त्यात गाडी जप्त होते. टेम्पोत तर कधीच नको. गाडी मालकाची, आणि ती सोडवायला मालकाला महिनोन्‌महिने लागतात.

तारखेसाठी एवढं करा. आधार कार्ड, परवान्याची झेरॉक्स असेल तर ती, पावती, कानडी कागदाच्या दोन प्रती, मोटारसायकलचं आरसी आणि विमा, आणि दंडाची रक्कम असं सगळं एका पिशवीत ठेवा. शक्य असेल तर टेम्पोच्या मालकाकडून, तुम्ही किती वर्षं चालवता आणि आजवर अपघात नाही, असं दोन ओळींचं पत्र घ्या. कोर्ट ते वाचतं. वकिलाला तारखेच्या आदल्या दिवशी भेटा, त्याच सकाळी नको, कारण सकाळी त्याच्यापुढे वीस माणसं उभी असतात. कोर्टात अकराच्या आत पोचा. आणि बेळगावला येताना चंदगडहून एसटीने या, किंवा भावाला गाडी चालवायला सांगून मागे बसा. परवाना जप्त असताना स्वतः मोटारसायकल चालवत कोर्टाच्या गेटपर्यंत आलेले दोन पक्षकार माझ्या डोळ्यांसमोर गेटवरच पुन्हा पकडले गेलेत.

पट्टीचा फोटो आणि कानडी कागद इथे टाकू नका, त्यात तुमचं नाव-पत्ता आहे. वकिलालाच दाखवा. पट्टीवर तुमचं फुंकणं किती वाजता नोंदलंय एवढं फक्त कळवलंत, तर अटकेच्या वेळेशी ते जुळतं की नाही हे मी सांगू शकेन.